महागडे स्पीकर लावूनही बेस येत नाहीये? नवीन काही विकत घ्यायच्या आधी हे करून बघा

दीड-दोन लाखांचे स्पीकर घेतले, त्यांच्या तोडीचा अँप (अँप्लिफायर) घेतला, शोरूममध्ये ऐकताना छातीत धडधडत होतं आणि घरी आणून लावल्यावर सगळं पातळ, तबला नीट ऐकू येतो पण डग्गा जणू शेजारच्या खोलीत चाललाय, ही तक्रार सारखी कानावर येते. आणि लगेच सल्ले सुरू होतात की वायर बदला, अँप कमी पडतोय, डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला लागणारा सिग्नल बनवणारं यंत्र) नवीन घ्या, नाहीतर सरळ स्पीकरच काढून टाका. जरा थांबा. चांगल्या कंपनीचा नवा स्पीकर बिघडलेला निघण्याची शक्यता यात सगळ्यात कमी असते. भानगड बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असते, एक म्हणजे मागच्या वायरींमध्ये किंवा सेटिंगमध्ये काहीतरी फालतू राहून गेलेलं, आणि दुसरं म्हणजे खोली आणि त्या खोलीत तुम्ही नेमके कुठे बसता ते. दोन्ही तपासायला एक रुपया लागत नाही, एक मेजर टेप आणि एक पेन्सिल सेल बास झाला.

सुरुवातीला एक टेस्ट करा, त्यावरून पुढे कुठे बघायचं ते ठरेल. बेस भरपूर असलेलं ओळखीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावा, सोफ्यावरून उठा आणि खोलीच्या कोपऱ्यात जाऊन, दोन भिंती मिळतात तिथे अगदी डोकं घालून उभे राहा (घरचे हसतील, हसू दे). कोपऱ्यात बेस दणदणीत ऐकू येतोय आणि सोफ्यावर आलं की गायब, असं असेल तर तुमचा स्पीकर, अँप, वायर बहुतेक ठणठणीत आहेत, प्रॉब्लेम खोलीचा आहे. कोपऱ्यातही काही नाही तर मग वायर, सेटिंग नाहीतर स्पीकर. प्लस-मायनसचा चेक मात्र दोन्ही केसमध्ये करायचाच, कारण तो चकवतो.

गाणं कुठलं लावताय तेही महत्त्वाचं आहे. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला (सेकंदाला ४१ कंपनं, आकडा जितका लहान तितका सूर खालचा) असते, पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी २७.५ ला, आणि पुरुषाचा बोलण्याचा आवाज शंभर-सव्वाशेच्या आसपास सुरू होतो. आता १९५०-६० ची गाणी किंवा ७८ च्या तबकड्यांवरून उचललेलं नाट्यसंगीत लावून बेस शोधत बसलात तर सापडणार नाही, त्यात खालचं जवळपास काही रेकॉर्डच झालेलं नाही, सिस्टिम कितीही भारी असो. आजकालचं फिल्मचं गाणं घ्या, चांगलं रेकॉर्ड केलेलं पखवाज घ्या, कुठलंही इलेक्ट्रॉनिक घ्या. आणि यूट्यूबवरून किंवा ब्लूटूथवरून लावलं म्हणून बेस जातो हे काही खरं नाही, कॉम्प्रेशनमध्ये मार बसतो तो आधी वरच्या बाजूला, खालच्या नाही. फोनमधला इक्वलायझर तेवढा बंद आहे का बघा, कधीतरी इयरफोनसाठी केलेलं सेटिंग तसंच राहिलेलं असतं.

अजून एक गोष्ट आधीच मान्य करून टाकू, की महाग म्हणजे खोल बेस असं काही नसतं. केईएफचा एलएस५० मेटा बघा, नावाजलेला स्पीकर, पण ड्रायव्हर (प्रत्यक्ष आवाज काढणारा गोल भाग) सव्वापाच इंची, आणि कंपनी स्वतःच सांगते की ३ डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) मर्यादेत तो ७९ हर्ट्झपर्यंतच जातो, ४७ ला आवाज ६ डीबीने पडलेला असतो. यात लपवाछपवी काही नाही, एक सप्तक खाली जाऊन तेवढाच आवाज काढायचा तर कोनला (ड्रायव्हरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) चौपट हलावं लागतं आणि छोट्या कोनला तेवढी जागाच नसते. पैसे लागलेत ते गळ्याच्या आवाजातल्या स्पष्टतेला. तुमच्या स्पीकरचं स्पेसिफिकेशन काढा आणि बघा खालचा आकडा काय दिलाय, आणि त्यापुढे ३ डीबी लिहिलंय, ६ लिहिलंय की काहीच लिहिलेलं नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर तो आकडा फार मनावर घेऊ नका.

आता मागच्या वायरी

अँप बंद करा, अगदी स्विचपासून बंद करा, आणि टॉर्च घेऊन मागे जा. दोन स्पीकरपैकी एकाचं प्लस-मायनस उलटं लागलं असेल तर एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, खालच्या आवाजात दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेस मरतो. वरचे आवाज तसेच ऐकू येतात म्हणून कोणाला शंकाही येत नाही. दोन्हीकडे सारखंच उलटं असेल तर बेस जात नाही, एकाच बाजूला उलटं असलं की जातो. टीव्ही युनिटच्या मागे हात घालून अंदाजाने वायर लावली असेल, किंवा वायरच्या दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतील, तर हे अगदी सहज होतं, आणि इन्स्टॉलेशनला आलेल्या माणसाने लावलं म्हणजे बरोबरच असेल असं धरून चालू नका.

ओळखायचं कसं, तर बातम्या लावा किंवा एकट्या माणसाचं बोलणं. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसल्यावर आवाज मधून, जणू तिथे माणूस उभा आहे असा यायला हवा. तो जर कुठून येतोय तेच कळत नसेल, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटत असेल, तर नव्वद टक्के उलटं आहे. मग एकाच स्पीकरच्या मागच्या दोन तारा अदलाबदल करून परत ऐका. ज्यात बेस जास्त ते बरोबर.

पक्की खात्री हवी तर स्पीकरची वायर अँपपासून सोडवा, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, सेलचं प्लस टोक वायरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. वूफर (बेस वाजवणारा मोठा ड्रायव्हर) टक् करून बाहेर आला पाहिजे. दुसऱ्या स्पीकरलाही तसंच करा, दोघांचे वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत. नऊ व्होल्टवाली बॅटरी वापरू नका आणि सेल धरून ठेवू नका, फक्त टेकवायचा. बघायचं वूफरकडेच, थ्री-वे स्पीकरमध्ये मिडरेंज (मधले सूर वाजवणारा ड्रायव्हर) मुद्दाम उलटा जोडलेला असू शकतो, क्रॉसओव्हरच्या (ड्रायव्हरमध्ये सूर वाटून देणाऱ्या सर्किटच्या) डिझाइनचा भाग असतो तो. आणि कोणाकडे जुने जेबीएल असतील तर घाबरू नका, त्यांच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये प्लस दिल्यावर कोन आत जायचा, तशीच पद्धत होती त्यांची. जोडीतले दोन्ही सारखे हलतात एवढं पुरे.

मग टर्मिनल मोजा. स्पीकरच्या मागे चार टर्मिनल असतील तर वरच्या आणि खालच्या जोडीला जोडणाऱ्या सोनेरी पट्ट्या असतात, जंपर म्हणतात त्यांना. पट्ट्या निघालेल्या असतील किंवा सैल असतील आणि तुमची वायर वरच्या जोडीला लावलेली असेल, तर फक्त ट्वीटरच (वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) वाजतो, वूफरपर्यंत करंटच जात नाही. लाखाचे स्पीकर असे महिनोन् महिने वाजत राहिल्याची उदाहरणं आहेत, मालक म्हणतो आवाज फार क्लिअर आहे पण वजन नाही. वूफरच्या कोनला हलकं बोट लावून बघा, गाणं चालू असताना थरथर जाणवली पाहिजे. वायरचं प्लास्टिक टर्मिनलमध्ये चिमटलं गेलंय आणि तांबं धड टेकतच नाहीये हेही होतं.

घरात मल्टीमीटर असेल तर वायर आणि पट्ट्या काढून खालच्या जोडीवर ओहम बघा. आठ ओहमच्या स्पीकरला साधारण ५ ते ७ दिसेल, चार ओहमवाल्याला तीन-साडेतीन. काहीच रीडिंग नाही म्हणजे वूफरची कॉइल तरी गेली, नाहीतर क्रॉसओव्हरमध्ये काहीतरी सुटलं. वरच्या जोडीवर रीडिंग आलं नाही तर मात्र लगेच कपाळाला हात लावू नका, ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, त्यामुळे तिथे मीटर ओपनच दाखवतो.

वायरबद्दल एवढंच सांगतो की हॉलमधल्या पाच-सहा मीटरला अस्सल तांब्याची दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची वायर पुरते. दोन्ही स्पीकर नीट वाजतायत आणि वायर तांब्याचीच आहे, तर पंधरा हजारांची वायर लावून बेस येणार नाही. दुकानदार काहीही म्हणू दे.

पोर्ट, म्हणजे स्पीकरचं ते गोल भोक, पुढे असेल किंवा मागे. बऱ्याच कंपन्या स्पीकरबरोबर फोमचे बोळे देतात, भिंतीला चिकटून ठेवायची वेळ आली तर पोर्ट बंद करायला म्हणून. काहींचे बोळे कोणीतरी हौसेने घालून ठेवलेले असतात आणि विसरलेले असतात. काढून ऐका. घरात लहान मूल असेल तर टॉर्च मारून आतही बघा, काय काय निघतं सांगता येत नाही. पोर्टच नाही असे सीलबंद डब्याचे स्पीकरही असतात, तेव्हा भोक सापडलं नाही म्हणून कंपनीला फोन करू नका.

सेटिंगमध्ये हरवलेला बेस

साधा स्टिरिओ अँप असेल तर इथे फार काही नाही. टोनचा नॉब फिरवूनही फरक पडत नसेल तर डायरेक्ट किंवा सोर्स डायरेक्ट चालू आहे, त्यात टोन बायपास होतो. मागे प्री-आउट आणि मेन-इन असेल तर तिथल्या पट्ट्या घट्ट आहेत का बघा. सबसॉनिक किंवा लो-कट नावाचं, खालचे सूर कापणारं बटण दाबलेलं नाही ना ते बघा.

खरा घोळ एव्ही रिसीव्हरवाल्यांचा (होम थिएटरचा अँप असणाऱ्यांचा) होतो. रिसीव्हरच्या मेनूमध्ये स्पीकर 'स्मॉल' की 'लार्ज' असं असतं आणि सबवूफर (सब, फक्त तळाचा बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) आहे की नाही असं असतं. समजा सबवूफर 'यस' आहे, स्पीकर 'स्मॉल' आहेत आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, पण सब तुम्ही कधीच विकलात किंवा तो बंद पडलाय किंवा प्लगच काढलेला आहे, तर ८० च्या खालचं सगळं रिसीव्हर त्या नसलेल्या सबला पाठवतो आणि ते हवेत जातं. तुमच्या टॉवर स्पीकरला ते मिळतच नाही. सब नसेल तर मेनूत 'नो' करा, पुढचे स्पीकर आपोआप लार्ज होतात. माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन केल्यावर हे सेटिंग बदलू शकतं, म्हणून कॅलिब्रेशननंतर मेनूत परत डोकावायचं. कॅलिब्रेशन चालू असताना 'फेज' म्हणून एरर आली होती आणि तुम्ही 'इग्नोर' दाबलं होतं का? आठवा. कधी कधी ती एरर खोटी असते पण एकदा प्लस-मायनस बघितल्याशिवाय सोडून द्यायची नाही. नाइट मोड, डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन हेही बंद करा.

अॅक्टिव्ह, वायफायवाले स्पीकर असतील तर सगळं अॅपमध्ये असतं. भिंतीजवळ ठेवलेत का, टेबलावर ठेवलेत का, असे पर्याय असतात आणि ते चालू केले की अॅप खालचा किंवा वरच्या बेसचा भाग मुद्दाम कमी करतं. स्टुडिओवाल्या स्पीकरच्या मागे त्याच कामाचे बारीक खटके असतात. पहिल्यांदा सेटअप करताना घाईत काय निवडलं ते कोणाला आठवतं, एकदा उघडून बघाच.

टर्नटेबलवाल्यांसाठी वेगळं. रेकॉर्ड कापतानाच बेस मुद्दाम कमी केलेला असतो, २० हर्ट्झला जवळपास २० डीबीने, नाहीतर खोबणी मावणार नाही, आणि फोनो स्टेज (टर्नटेबलसाठीचं खास सर्किट) तो परत भरून काढतो. टर्नटेबल चुकून साध्या ऑक्स इनपुटला लावलं तर आवाज बारीक आणि बेस शून्य. उलट टर्नटेबलमध्येच फोनो स्टेज असेल आणि ते परत फोनो इनपुटला लावलं तर दोनदा भरपाई होऊन आवाज फाटतो, पण ती वेगळी तक्रार झाली.

जुने स्पीकर असतील तर

वूफरच्या कडेला जी मऊ रिंग असते ती फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच. जाळी काढून बोट लावा, फोम चिकट लागला किंवा हातात आला तर बेस कुठे गेला ते कळलं. कोन दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन अगदी हळू आत दाबा, खरखर झाली तर कॉइल घासतेय. रिंग बदलून मिळते, नवा ड्रायव्हर घ्यायची गरज नसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला विचारत गेलात तर काम करणारे भेटतात, फक्त रिंगचं माप आणि मऊपणा मूळ रिंगसारखा आहे ना ते बघून घ्या, कडक रिंग बसवली की कोन मोकळा हलत नाही आणि बेस परत पातळ. रबराची रिंग असेल तर ही चिंता बरीच कमी. वीस-तीस वर्षांचा जुना अँप असेल तर त्यातले कपॅसिटर वाळलेले असू शकतात, त्यानेही खालचा आवाज उडतो, दुसरा कुठलाही चालू अँप मागून आणून लावून बघितलं की लगेच कळतं.

आता मुख्य विषय, खोली

वरचं सगळं ठीक निघालं (आणि बहुतेकांचं निघतं) तर आता खोलीकडे या, आणि इथे जरा वेळ द्या, कारण हाय-एंड स्पीकरच्या पातळ बेसचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

बेसच्या लाटा लांबलचक असतात. ४० हर्ट्झची एक लाट अठ्ठावीस फुटांची आहे. तुमचा हॉल चौदा फूट. लाट समोरच्या भिंतीवर आपटते, परत येते, आणि काही ठराविक आकड्यांना येणारी-जाणारी लाट मिळून खोलीत जागच्या जागी झुलायला लागते. आयताकृती टबमधलं पाणी हलवलं की कसं दोन्ही टोकांना वर-खाली होतं आणि मध्यावर पाणी जवळपास तसंच राहतं, तसंच हवेचा दाब भिंतींजवळ जोरात वर-खाली होतो आणि खोलीच्या मध्यावर काहीच नाही. तुमचं डोकं त्या मध्यावर असेल तर तो सूर तुमच्यासाठी नाहीच, भले वूफर जीव तोडून हलत असू दे.

हिशोब सोपा आहे. ५६३ ला खोलीच्या फुटांनी भागा. चौदा फूट लांबी असेल तर ४० हर्ट्झ, दहा फूट रुंदी म्हणजे ५६, साडेनऊ फूट उंची म्हणजे ५९. आता बघा, चौदा बाय दहाचा हॉल आपल्याकडे केवढा कॉमन आहे, आणि त्यात लांबीच्या मध्यावर बसलेल्या माणसाला ४० हर्ट्झ, म्हणजे जवळपास बेस गिटारची सगळ्यात खालची तार, ऐकूच येत नाही. दुप्पट आकड्याला, ८० ला, बरोबर उलटं होतं, मध्यावर तो जास्त ऐकू येतो आणि भिंतीपासून पाव अंतरावर, साडेतीन फुटांवर, गायब होतो. शिवाय रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने ५६-५९ ला दोन्ही गर्दी करतात. खोली जितकी चौकोनी तितका हा त्रास जास्त.

आणि आपली घरं आरसीसी आणि विटांची. अमेरिकेत लाकडी सांगाड्यावर प्लास्टरबोर्ड ठोकलेल्या भिंती असतात, त्या स्वतः थोड्या थरथरतात आणि बेस गिळतात, काही बाहेर जातो. आपल्या भिंती आणि स्लॅब जवळजवळ सगळा बेस परत फेकतात, त्यामुळे शिखरं (जिथे सूर फुगतो) जास्त उंच आणि खड्डे (जिथे सूर गायब होतो) जास्त खोल. तिकडच्या व्हिडिओत बघून स्पीकर ठेवले आणि तसा आवाज आला नाही, याचं एक कारण हेही.

पटत नसेल तर फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अॅप घ्या, तुमच्या खोलीच्या लांबीचा जो आकडा आला तो लावा, आवाज बारीकच ठेवा, आणि समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जा. भिंतीजवळ घुमणारा सूर मध्यावर चक्क विझतो आणि पुढे परत येतो. (छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर ४० च्या खालचे टोन मोठ्या आवाजात लावू नका, पोर्टवाल्या डब्यात त्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो नुसता पुढेमागे फेकला जातो.)

मग करायचं काय, तर आधी सोफा हलवा, स्पीकर नंतर. कारण स्पीकर हलवणं म्हणजे वायरी, स्टँड, टीव्ही सगळंच आलं, आणि सोफा एक फूट मागे सरकवणं दोन मिनिटांचं काम. लांबीच्या मध्यावर बसत असाल तर तिथून निघा. तुमच्या पाठीमागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून बघा, चौदा फुटात ते सव्वापाच-साडेपाच फूट येतं, ही सुरुवात करायची जागा आहे एवढंच, तिथून सहा-सहा इंच मागेपुढे करत ऐका. भिंतीला अगदी टेकून बसलात तर बेस सगळ्यात जास्त मिळेल, पण सगळेच सूर फुगलेले मिळतील आणि काही गाण्यांत घुमेल. तरी ज्याला बेसच मिळत नाहीये त्याने ते करून बघायला काय हरकत आहे, आपल्याकडे सोफा तसाही भिंतीलाच असतो.

त्यानंतर स्पीकर. इथे दुसरा एक खेळ चालतो. वूफरमधून निघालेला बेस मागेही जातो, स्पीकरच्या मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि एका ठराविक आकड्याला समोरून निघालेल्या आवाजाच्या बरोबर उलटा होऊन त्याला मारतो. आकडा काढायचा तर २८१ ला वूफरच्या कोनपासून भिंतीपर्यंतच्या फुटांनी भागा. दोन फूट असेल तर १४० हर्ट्झ, तीन फुटांना ९४, चार फुटांना ७०. म्हणजे कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून स्पीकर तीन-चार फूट पुढे ओढले की खड्डा बरोबर किक ड्रम आणि डग्ग्याच्या भागात येतो, आणि स्पीकर महाग आहेत म्हणून ओढलेलेही असतात. पुढे ओढल्यावर आवाजाला खोली येते हे खरं, पण छोट्या हॉलमध्ये त्याची किंमत बेसमध्ये मोजावी लागते. भिंतीच्या जवळ नेले, फूटभर किंवा त्याहून कमी, तर खड्डा वर सरकतो, तिथे वूफर मागे कमी आवाज फेकतो म्हणून खड्डाही उथळ होतो, आणि भिंतीचा आधार मिळून तळाचा बेस वाढतो. एका भिंतीमुळे जास्तीत जास्त ६ डीबी मिळू शकतात, आणि ते अँपला न त्रास देता मिळतात. मागे पोर्ट असेल तर चार-सहा इंच मोकळे सोडा म्हणजे झालं.

डाव्या-उजव्या भिंतींचं अंतर, मागच्या भिंतीचं अंतर आणि वूफरची जमिनीपासूनची उंची हे तिन्ही आकडे एकसारखे येऊ देऊ नका, नाहीतर सगळे खड्डे एकाच ठिकाणी पडतात. आणि बुकशेल्फ स्पीकर सुताराने केलेल्या टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका, तिथे शंभर-दीडशेचा घुमार येतो आणि खाली काहीच उरत नाही. इंटिरियरवाल्याला आवडेल, कानाला नाही.

पडदे, गालिचा, भिंतीवरचा पिरॅमिड फोम, आणि ते अंड्याचे ट्रे, यांचा बेसशी संबंध नाही. ४० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्सा सात फूट होतो, दोन इंच फोम त्याला काय अडवणार. हे सगळं लावल्यावर वरचे आवाज मऊ होतात म्हणून तुलनेत बेस भरलेला वाटतो, नुसत्या फरशीच्या उघड्या हॉलमध्ये त्याचाही उपयोग आहे, पण खड्डा त्याने भरत नाही. बेडरूमचं दार आणि बाल्कनीचा स्लायडर बंद करून आणि उघडून दोन्ही ऐका, ओपन किचनवाल्या हॉलमध्ये बराच बेस पॅसेजमध्ये निघून जातो.

हळू आवाजात ऐकता का?

रात्री पोरं झोपल्यावर व्हॉल्यूम बारीक करून ऐकणाऱ्यांची तक्रार खरी आहे पण दोष कानाचा आहे. १९३३ मध्ये बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं, आवाज जितका कमी तितका कान खालच्या सुरांना बहिरा. १००० हर्ट्झचा ४० डीबीचा सूर जेवढा वाटतो तेवढाच ५० हर्ट्झचा वाटायला त्याला पंचाहत्तरच्या पुढे डीबी लागतात. शोरूमवाला मोठ्याने लावतो, तिथे बेस भरपूर वाटतो, घरी नाही. जुन्या अँपवर लाउडनेस नावाचं बटण याचसाठी असायचं, ऑडिओफाइल मंडळींनी त्याला उगाच नावं ठेवली. यामाहाच्या बऱ्याच स्टिरिओ अँपवर आजही लाउडनेसचा फिरवायचा नॉब आहे, असेल तर बिनधास्त वापरा.

इक्वलायझर वापरायला काही लाज नाही, फक्त एक लक्षात ठेवा, खोलीने पाडलेला खड्डा त्याने भरत नाही. तुम्ही ४० हर्ट्झ वाढवलात तर जाणारी लाटही वाढते आणि परत येणारीही तेवढीच वाढते, दोघी पूर्वीसारख्याच एकमेकींना मारतात, आणि १० डीबी वाढवायला अँपला दहापट पॉवर द्यावी लागते ती वेगळीच. शिखरं कापायला मात्र इक्वलायझर उत्तम. ५८ च्या आसपासचा घुमार चार-पाच डीबी कापला की बाकीचा बेस स्वच्छ ऐकू येतो, मग एकूण व्हॉल्यूम थोडा वाढवता येतो. कुठे किती कापायचं हे कानाने ठरवण्यात जीव जातो, रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मिनीडीएसपीच्या यूमिक-१ सारखा यूएसबी माइक मित्राकडून मागून आणा, आणि ग्राफ काढा. जागा बदलून बदलून ग्राफ काढले की वर सांगितलेले खड्डे डोळ्यांनी दिसतात.

एवढं करूनही तळ कमीच वाटत असेल आणि स्पीकर छोटे असतील तर सब घ्या, त्यात कमीपणा काही नाही. सब कुठे ठेवायचा ते शोधायला तो सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसची एक ओळ रिपीटवर लावा आणि खोलीभर रांगत फिरा, जिथे सगळे सूर सारखे आणि भरलेले ऐकू येतील तिथे सब न्या. मग सबच्या मागचा फेजचा खटका शून्य आणि १८० वर करून बघा, क्रॉसओव्हर ८० ला असेल तर ८० चाच टोन लावा, तुम्ही सोफ्यावर बसा आणि खटका दुसऱ्याला बदलायला सांगा, ज्यात आवाज मोठा ते ठेवा. ही एक गोष्ट न केल्यामुळे सब असूनही बेस नाही अशी कितीतरी घरं आहेत. बजेट असेल तर एका मोठ्या सबपेक्षा दोन मध्यम सब समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले बरे, हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ही मांडणी चांगली ठरली होती, वेगवेगळ्या सीटवरचा बेस त्याने जास्त सारखा होतो. खालच्या मजल्यावर माणसं राहत असतील तर सबखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड घाला, स्लॅबमधून थेट जाणारी थरथर थोडी कमी होते, पण हवेतून जाणारा बेस पॅडने थांबत नाही, तेव्हा रात्री दहानंतर लेव्हल खाली.

आणि स्पीकर बदलायचेच असं ठरलं असेल तर शोरूममध्ये ऐकून ठरवू नका. डिपॉझिट ठेवा आणि शनिवार-रविवार घरी ऐकायला मागा. चांगले डीलर देतात. नाही म्हणाला तर निदान तुमचा आत्ताचा स्पीकर उचलून त्याच्याकडे न्या, त्याच खोलीत, त्याच अँपवर, त्याच आवाजात दोन्ही ऐका. तिथे तुमचा जुना स्पीकरही दणकून वाजला तर पैसे खिशात ठेवून घरी या आणि सोफा सरकवायला घ्या.